साताऱ्यात उतरा, पुढे जाऊ नका

सांगलीत कुणालाही विचारा, दोन दिवसांची सुट्टी मिळाली तर कुठं जाणार, बहुतेक जण महाबळेश्वर म्हणतात नाहीतर सरळ कोकण. महाबळेश्वरला जाताना सातारा लागतो, हायवेवरून डाव्या हाताला अजिंक्यतारा दिसतो, त्याच्यावरचा टॉवर दिसतो, गाडीतलं कुणीतरी म्हणतं आला बघ सातारा, पेढ्यांसाठी दहा मिनिटं गाडी बाजूला घेतात आणि तिथंच सातारा संपतो. मला हे फार वर्षं खटकत होतं. चहूबाजूंनी डोंगर असलेलं, एका किल्ल्याच्या उतारावर वसलेलं, छत्रपतींची राजधानी राहिलेलं शहर आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि आपण तिथं फक्त पेढे घेतो! म्हणून या वेळी गणपती उठले, घरातली आवराआवर झाली आणि मी ठरवलं की जायचं ते साताऱ्यालाच, राहायचंही साताऱ्यातच, पुढं कुठंही नाही.

सोबतीला नणंद. ती मिरजेत नोकरी करते, तिलाही शनिवारी सुट्टी होती, मुलं आजी-आजोबांकडे ठेवली आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघी एसटीत बसलो. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड. हा रस्ता पाठ आहे, दोन्ही बाजूला ऊसच ऊस, त्यामुळे त्याच्याबद्दल काय लिहायचं. पिशवीत भडंग होता तो उंब्रजच्या आधीच संपला. उंब्रज सोडल्यावर मात्र खिडकीतून येणारी हवा बदलते हे नणंदेच्याही लक्षात आलं, ती म्हणाली "वहिनी, स्वेटर घेतलायस का गं." घेतला होता.

रात्री पोवई नाक्याजवळ एका लॉजवर उतरलो. लॉज साधाच, सकाळी गरम पाणी सहाच्या पुढं येईल म्हणाले आणि ते सातला पण आलं नाही, पण गॅलरीचं दार उघडलं तर समोर किल्ला. इतक्या जवळ की मान वर करून बघावं लागतं. रात्री अंधारात काहीच कळलं नव्हतं. ढग अर्ध्यावर अडकलेले, त्याच्या वर तटबंदीची रेघ, आणि खाली दूधवाले, पेपरवाले, शाळेच्या रिक्षा, सगळं आपलं नेहमीचं शहर चाललेलं. मला साताऱ्याचं हेच फार आवडतं. थंड हवेच्या ठिकाणी गेलं की सगळं पाहुण्यांसाठीच मांडलेलं असतं, स्ट्रॉबेरी क्रीम, घोडे, पॉइंट, जॅमची दुकानं. इथं डोंगर आहे आणि त्याच्या पायाशी माणसं आपापली कामं करतायत, तुम्ही आलात काय आणि नाही आलात काय.

शनिवारी एक गाडी दिवसभरासाठी ठरवली. ड्रायव्हर काका परळी खोऱ्यातलेच, त्यामुळे आमचं नशीबच म्हणायचं, कारण त्यांना प्रत्येक ओढ्याचं नाव माहीत होतं. कासचं बुकिंग ऑनलाइन आधीच करून ठेवलं होतं, सकाळचं. हे मी सगळ्यांना सांगेन की सीझनमध्ये शनिवार-रविवारी बुकिंग न करता कासला जाऊ नका, आणि जमलं तर सकाळचंच घ्या, अकरानंतर नुसती माणसं बघायला मिळतात.

समर्थ मंदिराच्या चौकातून दोन रस्ते फुटतात. एक बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघरकडे जातो आणि दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासला. घाट चढताना मागं वळून बघा. सातारा एकदम नकाशासारखा खाली पसरतो, मध्ये अजिंक्यतारा, लांबवर जरंडेश्वर. पावसात या घाटात दरडी पडतात, आम्ही गेलो तेव्हाही एका वळणावर लाल मातीचा ढीग रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेला होता, तेव्हा पावसाचा जोर असताना आधी चौकशी करूनच निघा.

कास पठाराबद्दल आत्तापर्यंत इतके फोटो बघितलेत की काही नवीन वाटणार नाही असं नणंद म्हणत होती. फोटोत गुलाबी गालिचा दिसतो, तो तेरड्याचा. तो खरंच आहे आणि खरंच तसाच दिसतो. पण मला वाटतं कास उभं राहून बघायची जागा नाही, बसून बघायची आहे. तिथं आजूबाजूच्या गावातली मुलंमुली स्वयंसेवक म्हणून असतात, त्यातल्या एका मुलीनं आम्हाला पायवाटेच्या कडेला उकिडवं बसवलं आणि म्हणाली आता खाली बघा. खाली ओल्या कातळावर बोटाच्या पेरापेक्षा लहान एक रोप, पानांना लाल लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकावर एक थेंब. दवबिंदू. तो थेंब पाण्याचा नाही, चिकट आहे. एका पानावर डासाएवढा किडा चिकटलेला, त्याचे पाय अजून हलत होते आणि कडेचे केस त्याच्याकडे वळायला लागलेले. आम्ही दोघी तिथं किती वेळ बसलो काय माहीत, मागून लोक निघून गेले.

मग तिनं कारण सांगितलं. इथं खाली सगळा जांभ्याचा कातळ, वर मातीचा जेमतेम थर, पावसाळाभर पाणी साचून राहणार आणि मातीतला कस धुऊन जाणार. अशा ठिकाणी मोठं झाड उभंच राहू शकत नाही, म्हणून लहान लहान फुलांना जागा मिळते. आणि मातीत नायट्रोजन नाही म्हणून यातल्या काही वनस्पती किडे खाऊन तो मिळवतात. ती जांभळी-निळी सीतेची आसवं, एवढी नाजूक दिसणारी, तीही कीटकभक्षी, तिचे सापळे खाली पाण्यात असतात, बारीक फुग्यांसारखे. नणंद एकदम म्हणाली "सीतेच्या आसवांनी किडे खायचे म्हणजे!" आणि ती मुलगी पण हसली.

गेंदाचे पांढरे गोळे वाऱ्यावर डुलत होते, मिकी माउस नावानं सगळे ओळखतात ती पिवळी फुलं होती, सोनकी नुकती कुठं कुठं सुरू झालेली. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती या वेळी नव्हती. सगळ्या मिळून ८५० च्या आसपास सपुष्प वनस्पती या भागात आहेत आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली त्यात कास आहे. एवढं सगळं असताना एक बाई पायवाट सोडून फुलांत जाऊन आडवी झाली होती, फोटोसाठी. नवरा मोबाइल घेऊन "अजून थोडी डावीकडं" सांगत होता. स्वयंसेवक मुलगा पळत गेला, शिट्टी वाजवली, ते उठले आणि वर त्यालाच बोलले. मला खूप राग आला. जी रोपं पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात आणि बी टाकून मरतात, त्यांच्यावर एकदा माणूस झोपला की त्या जागेचं पुढच्या वर्षीचं बी गेलं. इथं राखण करणारी मुलं गावची आहेत, त्यांना हे कळतं. आपण तिकीट काढलंय म्हणजे पठार विकत घेतलं नाही हो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती सांगते. पठारावरून परत गाडीकडे येताना मी काकांना सहज विचारलं, इथलं पाणी जातं कुठं. काका थांबले आणि हातानं दाखवायला लागले. या अंगाचं पाणी भांबवलीच्या वजराई धबधब्यावरून खाली पडतं, ती उरमोडी. त्या अंगाचं बामणोलीकडे उतरतं, ते कोयना धरणाच्या शिवसागरात. नणंद म्हणाली, "म्हणजे काका, दोन्हीकडनं पाणी आमच्याकडंच की ओ." काका म्हणाले, "व्हय की, सांगलीलाच. तुमचं पाणी हितनंच जातंय." कोयनेचं बरंचसं पाणी वीज तयार करून पोफळीला, तिथनं चिपळूणकडं जातं हे खरं, पण राहिलेलं खाली कराडला कृष्णेला मिळतं. आणि उरमोडी तर सरळ कृष्णेतच.

सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी पेपर उघडला की आधी तीन आकडे बघतात, कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर, काल किती मिलिमीटर. मग कोयनेतून विसर्ग किती, मग आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. दुसरीतल्या मुलाला पण हे पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्यात, सासूबाईंचं लग्नातलं कपाट फुगून त्याची दारं पुन्हा कधी लागली नाहीत, आम्ही माधवनगरला पाहुण्यांकडे होतो आणि रोज कुणीतरी होडीतून काढलेला व्हिडिओ पाठवायचं, त्यात आपली गल्ली ओळखायची. तेव्हापासून डोंगरातला पाऊस म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. नवजा हे मला फक्त पेपरातल्या आकड्याचं नाव होतं. आणि त्या शनिवारी मी अशा जागेवर उभी होते जिथं तो पाऊस पडतो, माझ्या चपलेखालच्या कातळावरून बोटभर रुंदीची धार वाहत होती, तिच्या कडेनं सीतेची आसवं फुललेली. हे बघितलं आणि मला फार बरं वाटलं, खरंच. इतकी वर्षं जे पाणी फक्त फुटात मोजत आलो त्याचं घर बघून आल्यासारखं. म्हणून माझं सगळ्या सांगलीकरांना, मिरजकरांना, कृष्णाकाठच्या प्रत्येकाला म्हणणं आहे की एकदा तरी पावसाळा संपता संपता साताऱ्याला जा आणि आपली नदी कुठून गोळा होत येते ते डोळ्यांनी बघा. आपण नदीच्या खालच्या अंगाला बसून तिला नावं ठेवतो, नाहीतर आरती करतो.

पठाराच्या पुढंच कास तलाव आहे. इंग्रजांच्या काळापासून साताऱ्याच्या वरच्या भागाला इथलं पाणी मिळतं, पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. म्हणजे लॉजवर मी तोंड धुतलं ते पाणी कदाचित... असो, तो भाग खालचा होता.

तिथून खाली उतरलो आणि बोगद्यातून सज्जनगडाकडे. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या. चढताना दोन मोठे दरवाजे लागतात, आणि मध्ये दम घ्यायला थांबलं की खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं, भरलेलं, डोंगराच्या प्रत्येक घळीत आत शिरलेलं. समर्थ रामदास स्वामी आयुष्याच्या शेवटी इथं राहिले, १६८२ मध्ये इथंच त्यांनी देह ठेवला. राममंदिराच्या खाली तळघरात समाधी आहे, वरच्या राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती तंजावरहून आलेल्या. आत खूप शांत होतं, माणसं बरीच असून.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती शेजघरात. समर्थांच्या वापरातल्या वस्तू तिथं ठेवल्यात, पलंग, कुबडी, आणि दोन मोठे हंडे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी या हंड्यांतून खालून उरमोडीचं पाणी गडावर आणायचे असं सांगतात. हंडे बघाच तुम्ही. घरातला पितळेचा मोठ्यात मोठा हंडा डोळ्यापुढे आणा, त्याच्यापेक्षा मोठे. रिकामा एक मला उचलेल असं वाटत नाही, आणि भरलेले दोन घेऊन तो चढ! मी नणंदेला म्हटलं सकाळी जी धार आपण बघितली तीच ही. ती काही बोलली नाही, तिनं हंड्याला लांबूनच नमस्कार केला.

दुपारच्या प्रसादाच्या पंगतीत बसलो. गरम भात, आमटी, गव्हाची खीर. खीर वाढणारे काका दुसऱ्यांदा पण आग्रह करून वाढतात, ताटात काही टाकायचं नाही एवढीच अट. चढून आल्यावर त्या आमटी-भाताची चव काय लागते ते तिथं जाऊनच कळेल.

ठोसेघर त्याच रस्त्यावर पुढं आहे म्हणून तेही केलं. धबधबा भरात होता, धुकं एवढं की दहा मिनिटं नुसता आवाज ऐकत उभं राहावं लागलं, मग एकदा पडदा बाजूला झाला आणि पूर्ण दरी दिसली, सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे अरे, बघ बघ" निघालं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या वरून बघितल्या आणि माघारी फिरलो.

संध्याकाळी चार भिंतीवर. ही जागा सातारकरांची अगदी स्वतःची आहे. अजिंक्यताऱ्याच्या अंगावरच, १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक, चारी बाजूला भिंती आणि त्यात कमानी. रंगो बापूजी गुप्ते यांच्या धडपडीमुळे साताऱ्यात तेव्हा मोठा उठाव व्हायचा होता, तो फुटला आणि कित्येकांना फाशी झाली, त्यात रंगो बापूजींचा मुलगा पण होता. आता तिथं कॉलेजची पोरं गप्पा मारत बसतात, म्हातारी माणसं फिरायला येतात, कुणी वही घेऊन अभ्यासाला. खाली दिवे लागत जातात. नणंदेनं तिथं बसून घरी व्हिडिओ कॉल लावला, मुलं आमच्यापेक्षा आजीच्या हातच्या थालीपिठात गुंतलेली.

रविवारी सकाळी अजिंक्यतारा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे पण चालत जा, अर्धा सातारा पहाटे तिथं चालायला जातो. आमच्या पुढं चार-पाच आज्या होत्या, नऊवारी आणि पायात स्पोर्ट्स शूज, तोंडानं हरिपाठ आणि चालीचा वेग आमच्या दुप्पट. एकीनं विचारलं कुठनं आला. सांगलीहून म्हटल्यावर "पाणी आलं नव्हतं ना यंदा?" असं विचारलं तिनं. साताऱ्यातल्या बाईला सांगलीच्या पाण्याची काळजी. मला फार छान वाटलं.

किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. पुढं राजाराम महाराजांच्या काळात ही मराठ्यांची राजधानी झाली आणि १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः इथं वेढा घालून बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. थोडीथोडकी नाही, साडेचार महिने त्यांनी दाद दिली नाही. शेवटी मोगलांनी सुरुंग लावले, मंगळाई बुरुजाच्या बाजूला. एक सुरुंग आत उडाला त्यात मराठे गेले, आणि दुसरा उलटा बाहेर कोसळला तो चढून येणाऱ्या मोगलांच्याच अंगावर, त्यांची माणसं कितीतरी पटीनं मेली. प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले असं सांगतात. १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला, आझमतारा असं नाव मोगलांनी दिलं, मग ताराराणींच्या काळात तो परत आला आणि अजिंक्यतारा झाला. मंगळाईच्या देवळाजवळ उभं राहून खाली बघितलं तर उभा कडा. या कड्यावरून वर यायचं आणि वरून दगड, तेल, दारूगोळा... मी माझ्या मुलाला इथं नक्की आणणार आहे, पुस्तकातल्या त्या चार ओळी इथं उभं राहिल्यावर कळतात. राग एवढाच की तटाच्या खाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. त्या आज्या जाता जाता वाकून उचलत होत्या, पिशवी घेऊनच येतात म्हणे. आम्ही पण एक पिशवी भरून खाली आणली.

उतरून राजपथावर. सातारा उतारावर असल्यामुळे पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असा हिशोब असतो, पत्ता विचारला की "वरच्या रस्त्यानं जावा" असंच सांगतात. १७०८ मध्ये संभाजीपुत्र शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गडावर झाला आणि पुढं त्यांनी खाली हे शहर वसवलं. मराठ्यांचं राज्य अटकेकडं सरकत होतं तेव्हा त्याचे कागद या गल्ल्यांतून जात-येत होते.

राजवाड्यापाशी मला एक गोष्ट मुद्दाम बघायची होती. इथं जी सरकारी शाळा भरायची, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्यांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. लहान वयात आई गेलेला मुलगा, वर्गात वेगळं बसवलेला, ज्याला माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायची परवानगी नाही, तो या दारातून शाळेत गेला. आम्ही बराच वेळ त्या जुन्या लाकडी कामाकडे बघत उभ्या होतो. पोवई नाक्याजवळ कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी आहे, १९१९ मध्ये कराडजवळ काले गावात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्याला आणली, आमच्या सासऱ्यांसारखी कितीतरी शेतकऱ्यांची पोरं रयतच्या शाळेत शिकली म्हणून नोकरीला लागली. हे शहर पॉइंट दाखवत नाही, पण दाखवण्यासारखं किती आहे बघा.

मग पेढे. हायवेवर घेऊ नका, गावात मोती चौकाच्या आसपास या. एका दुकानात मागच्या बाजूला भट्टी चालू होती, विचारलं तर आत येऊन बघा म्हणाले. मोठी कढई, खवा मंद आचेवर, आणि माणूस लांब उलथन्यानं तो सतत फिरवतोय, क्षणभर पण हात थांबवत नाही. आपला नेहमीचा पेढा पांढरट, कारण खवा तेवढ्यावर उतरवतात. इथं तो भाजत भाजत राहतात, रंग आधी बदामी होतो, मग तपकिरी, कडेला तूप सुटायला लागतं, वास पूर्ण बदलतो, त्यानंतर साखर, तीही कमीच. त्या माणसाच्या दंडाकडे बघून कळतं हा पेढा असा का लागतो. गरम पेढा हातावर ठेवला त्यांनी, बाहेरून किंचित रवाळ, आत मऊ. जास्त भाजल्यामुळे टिकतो पण चांगला, फक्त आमच्या घरात टिकत नाही.

रेल्वे स्टेशन शहरापासून लांब, माहुलीच्या बाजूला आहे, याबद्दल सगळे तक्रार करतात पण मला ते सोयीचंच वाटलं, कारण स्टेशनला जाता जाता संगम माहुली होतं. इथं वेण्णा आणि कृष्णा भेटतात. दोघी महाबळेश्वरच्याच, वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या, एक कण्हेर धरणातून, एक वाईवरून, आणि इथं एकत्र होतात. विश्वेश्वराचं देऊळ, उतरत जाणारा दगडी घाट, काठानं राजघराण्यातल्या समाध्या. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी पण इथं आहे. न्यायासाठी पेशव्यालाही न घाबरणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटावर एक आजोबा कपडे धूत होते, दोन पोरं पाण्यात उड्या मारत होती. नदी इथं केवढीशी आहे! आमच्याकडं येईपर्यंत उरमोडी, तारळी, कोयना सगळ्या तिच्यात येतात आणि ती पूर्ण वेगळी बाई होते. नणंदेनं खाली उतरून पाय बुडवले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "आपल्या आधी पोचतंय का बघू सांगलीला."

गाडी वेळेवर आली, बसायला खिडकी मिळाली. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड. शेणोली आलं तेव्हा मी नणंदेला सांगितलं की १९४३ मध्ये गावागावांतल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इथं इंग्रजांचा पगार नेणारी रेल्वे लुटली होती. समोर बसलेले एक काका लगेच सरसावले, त्यांचे वडील त्या भागातलेच, मग किर्लोस्करवाडीपर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या गोष्टी. तेव्हा तर हे सगळं एकच होतं, आपला सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. काकांनी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी आम्हाला खायला लावली, आम्ही त्यांना पेढे दिले.

घरी पोचेपर्यंत सासूबाईंचं ठरलं होतं, हिवाळ्यात त्यांना सज्जनगडला न्यायचं. पायऱ्या चढवतील का असं मी विचारलं तर म्हणाल्या, "दासनवमीला नको, गर्दी असते, तुम्ही मधला एखादा दिवस बघा, मी चढते हळूहळू." गुडघ्यांचा त्रास असलेल्या कुणाला नेलं असेल तर मला नक्की सांगा, मध्ये बसायला जागा आहेत पण डोली मिळते का ते मी विचारायचं राहिलं. जायचा दिवस ठरला की मी एसटीचं रिझर्वेशन करून टाकणार आहे, आणि या वेळी बामणोलीला बोटीत पण बसायचं आहे.